चांगुणेला आणायला अलिबागेला

आमच्या कोळीवाड्यात आता एकही माणूस असा उरला नाही, ज्याला मी ही हकिगत सांगितलेली नाही. काहींना दोनदा सांगितली. परवा सून म्हणाली, "मामा, आता कागदावं लिवा. ज्याला पायजे तो वाचंल, आमचं कान दुखाय लागलं." म्हणून लिहायला बसलो. मी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. तेव्हा अक्षर वाकडं असेल. मजकूर सरळ आहे.

आमचा वाडा काशीदपासून जवळ, पाण्याला लागून. मला जोमा तांडेल म्हणतात. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दावर शीड चढतं आणि उतरतं. आता होडी मुलगा चालवतो. मी त्याला किनाऱ्यावरून सांगतो, तो ऐकत नाही.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. आमच्या शाळेचे मास्तर अलिबागेहून आले ते थेट माझ्या अंगणात. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाले, "तांडेल, तुमची चांगुणा अलिबागेत भिंतीवर लावलीय!"

चांगुणा माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर त्याच्या पाठीत वल्हं बसलं असतं. पण मास्तर भला माणूस. त्यांनी मग नीट सांगितलं. अलिबागेच्या एका शाळेत फोटोंचं प्रदर्शन लागलंय. देशातली गरीब माणसं कशी राहतात ते शिकलेल्या लोकांना दिसावं म्हणून. त्यात चांगुणेचा फोटो आहे, आणि एवढा मोठा, असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. परवा शेवटचा दिवस.

मग मला आठवलं. चार वर्षांमागं, होळीनंतरच्या उन्हात, मुंबईचा एक फोटोवाला आला होता. दोन दिवस राहिला, वाडाभर फिरला, गेला. फोटो पाठवतो म्हणाला होता, पाठवला नाही. आमच्या घरात चांगुणेचा एकही फोटो नाही. आणि एक गोष्ट मी तोवर कुणाला बोललो नव्हतो ती लिहून टाकतो. हल्ली तिला आठवायला बसलं की तिचा आवाज यायचा, चालणं यायचं, चेहरा येत नव्हता. धुक्यात बंदर कसं, माणसांचा गलका ऐकू येतो आणि दिसत काही नाही, तसं.

मी उठून टोपी घातली. मुलाला म्हटलं, "जातंव आणि तिला घेऊन येतंव."

मुलगा म्हणाला, "बाबा, ते देतील का?"

"बायको माझी हाय. देनारं ते कोन?"

कोर्लई, साळाव, रेवदंडा

एकटा जाणार होतो, पण माझे व्याही धाकूशेठ लेकीकडं पाहुणे आले होते ते मागं लागले. हे पालीकडचे, भातशेतीवाले. समुद्राकडं पाठ करून बसणारा माणूस. आमच्या घरी आले की पहिल्या घासाला काटा शोधतात. म्हणाले, "तांडेल, तुमाला येस्टीत बसायची सवय न्हाय. कुनीतरी शहाना बरूबर पायजे."

"मंग शहाना कुठून आनू?" मी म्हटलं. तरी आले.

रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये. चांगुणा ज्यांच्याकडं होती त्यांच्याकडं तर मुळीच नाही. म्हणून सुक्या बोंबलांचं एक गाठोडं बांधून घेतलं, स्वतः निवडून, एकही मोडका नाही. पहाटे निघालो ते चालत. बोर्ली गेली, कोर्लई आली. कोर्लईला डोंगर समुद्रात घुसलाय आणि त्यावर किल्ला आहे. खालची वस्ती फिरंग्यांच्या वेळेपासूनची ख्रिस्ती आणि त्यांची भाषा आपल्याला कळत नाही. एका म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं, माझ्या गाठोड्याचा वास घेतला आणि हसून मान डोलावली. ती भाषा मला कळली.

साळावला खाडी आडवी येते. पलीकडं रेवदंडा, मध्ये तरीची होडी. आता मी चाळीस वर्षं सुकाणू धरलेलं. दुसऱ्याच्या होडीत गुमान बसणं मला जमत नाही. पाणी उतरत चाललं होतं. तरवाला लांबचा वळसा घेत होता. मी म्हटलं, "सरळ घे. पानी हाय."

तो म्हणाला, "बाबा, पुढं गाळ हाय."

"मना सांगतोस? सरळ घे!"

त्यानं घेतली. माझ्या पांढऱ्या मिशांना मान दिला असावा. होडी गाळात रुतली ती रुतलीच. शेवटी सगळे उतारू गुडघाभर चिखलातून चालत रेवदंड्याच्या काठाला लागले. बाया मला नावं ठेवत होत्या. खाडीनं त्या वर्षी आपली वाट बदलली होती, त्याला मी काय करणार? व्याही मात्र धोतर वर खोचून तरातरा पुढं. मागं वळून म्हणाले, "या तांडेल, चिखूल आमच्या घरचाच हाय!" पुढं दोन दिवस ते हेच वाक्य बोलत होते.

रात्रीचा मुक्काम रेवदंड्याला माझ्या मावसभावाकडं. नारळी-पोफळींच्या वाड्या, गार वारा. तिथं दिवेलागणीला पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, वर जाळ. पालीकडं त्यात अंडी घालतात म्हणे. माझ्या भावानं घोळ मासळीचे तुकडे मीठ लावून पाल्यात गुंडाळून घातले. व्याह्यांनी आधी नाक मुरडलं, मग चार तुकडे खाल्ले, मग मला विचारलं, "ह्याला काटा का न्हाय?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी काढून ठिवला."

अलिबागेची येस्टी

सकाळी येस्टी. कंडक्टरनं माझं गाठोडं बघितलं आणि म्हणाला, "हे टपावर."

"टपावं ऊन लागंल."

"बाबा, सुकेच आहेत ना? अजून काय सुकणार?"

गाडी हसली. मी दारातच बसलो. माझ्यामागं नऊ माणसं खोळंबली. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, येऊ दे म्हाताऱ्याला, वास काय मला नवा आहे? मी गाठोडं मांडीवर घेऊन चौल, नागाव, आक्षी अशी सगळी गावं बघत गेलो. उन्हात माडांच्या सावल्या गाडीवरून पळत होत्या आणि मला पहिल्यांदा एकट्यानं होडी बाहेर काढली तेव्हासारखं वाटत होतं. मी मिशा दोनदा पुसल्या. व्याह्यांनी बघितलं. तोंड खिडकीकडं फिरवलं. तेवढा चांगुलपणा त्यांच्यात आहे.

अलिबाग

शाळेचा मोठा वर्ग. बाकं काढून टाकलेली आणि चारी भिंतींना फोटो. दारात खादीचं पातळ नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या, प्रदर्शन त्यांच्याकडं होतं. एका कोपऱ्यात लोकांनी गरिबांसाठी आणून टाकलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग. लोक हळू चालत होते, हळू बोलत होते, मयताला गेल्यासारखे.

पहिलाच फोटो एका माणसाचा. कमरेत वाकलेला, मांडीपर्यंत चिखल, अंगावर लंगोटी, डोक्यावरून पाणी गळतंय. माझ्या तोंडून गेलं, "अरेरे, बिचारा. काय ही दशा."

व्याही उसळले. "दशा कसली? लावनी हाय ती! वाकल्याबिगर रोप लावतात का? आनि पावसात काय कोट घालून जायचं? बघा, आवन किती बेस हाय त्याच्या हातात! असं रोप ज्याचं, त्याच्या घरला वर्षाचं भात हाय. बिचारा म्हनं!"

मला गप्प करणारी माणसं थोडी. पण त्यांचं खरं होतं. मी चिखल बघितला, त्यांनी रोप बघितलं.

मग चौथी का पाचवी तसबीर, आणि ती होती.

काय सांगू! मास्तरांनी हात पसरले होते त्याहून मोठी. तीच. उन्हानं बारीक केलेले डोळे, कपाळावरचं गोंदण, उघड्या तोंडात डावीकडचा पडलेला दात, जो मी चेहरा आठवताना रोज विसरत होतो. दात आठवल्याबरोबर अख्खा चेहरा जागेवर आला. मी मोठ्यानं म्हणालो, "हीच ती! हीच ती!" आणि मयताला आलेले सगळे लोक माझ्याकडं बघायला लागले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. व्याह्यांनी टोपी काढली.

चांगुणा आमच्या दाराशी बसलेली. बाजूला टोपली उपडी. उजवा हात सरळ पुढं, तळवा वर.

माझ्या शेजारी एक शहरातल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचा नवरा हळूच म्हणाला, "कुणापुढं हात पसरलाय बघ बिचारीनं." मी काहीच समजलो नाही. मग खाली चिकटवलेली पट्टी एकेक अक्षर लावून वाचली: 'रिकामी टोपली, रिकामे हात.'

अंगावर पाणी पडल्यासारखं झालं. अहो, आमच्या वाड्यात टोपली उपडी ठेवतात ती मासळी सगळी विकली म्हणजे! गिऱ्हाइकानं उगाच दारात येऊन विचारू नये म्हणून. आणि तो हात? तो हात मी जन्मभर बघितलाय. चांगुणा थट्टेखोर. थट्टा केली की हात पुढं करायची, म्हणायची, "दे टाळी!" समोरच्यानं टाळी दिल्याशिवाय हात मागं घेत नसे. एकदा माझी थट्टा केली, मी रागानं दिली नाही, तर एका हातानं भाकऱ्या थापल्या, दुसरा माझ्यापुढं धरून ठेवला.

त्या दिवशीचं मला सगळं आठवलं. तो फोटोवाला काडीसारखा बारीक. होडीवर ओकून ओकून पांढरा झालेला. चांगुणेनं त्याला तांदळाच्या तीन भाकऱ्या आणि जवळ्याचं कालवण खायला घातलं. मग तो मशीन डोळ्याला लावून तिच्यासमोर बसला तेव्हा म्हणाली, "अरं माज्या सुक्या बोंबला, माजा फोटू कसला काढतंस? तुलाच वलांडीवं सुकाय टांगला तर गिऱ्हाईक मिलंल! दे टाळी!" वाडा हसला. त्यानं टाळी दिली नाही, बटण दाबलं. त्या फोटोत भुकेलं कुणी असेल तर ते मशीनच्या मागं होतं.

मी हे सगळं मोठ्यानं सांगायला लागलो. खादीवाल्या बाई आल्या, मला पाणी दिलं, म्हणाल्या, "आजोबा, तुमचं दुःख मी समजू शकते."

"दुःख न्हाय, टाळी हाय ती!"

पदर लावलेल्या बाईंनी ढिगातून एक लुगडं काढून माझ्यापुढं धरलं. "त्यांना पोचवाल का हो?" मनानं चांगली बाई. मी म्हटलं, "तिची लुगडी पेटीत घडी करून हायत बाय. नेसनारी गेली." तिचा हात तसाच राहिला.

खादीवाल्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजोबा, ह्या फोटोपुढं लोक सर्वांत जास्त थांबतात. इथं थांबतात आणि मग कपडे, धान्य आणून देतात. ती हसतेय असं कळलं तर ते थांबतील का? ज्यांना खरंच गरज आहे त्यांचं काय?"

मी इकडंतिकडं बघितलं, आणि कोपऱ्यात, कपड्यांच्या ढिगाच्या मागं, एक फोटो दिसला. घाटावरच्या दुष्काळातला. आईच्या मांडीवर पोर, हात वल्ह्याच्या दांड्याएवढासुद्धा नाही, काडी. आई सरळ आपल्याकडं बघते. हात पुढं नाही, डोळ्यांत पाणी नाही. तिथं चिखल आणि रोप असा काही घोटाळा नव्हता. आणि तिथं कुणी बिचारी म्हणत नव्हतं. तिथं आले की लोक भरभर पुढं जात होते.

मी बोललो, "बाय, लोकान्ला तिथं उभं करा. तुमच्या पट्टीनं माज्या बायकोला त्या पोराच्या जागी भुकेली करू नका."

बाई त्या फोटोकडं वळल्या. मग म्हणाल्या, "पण आजोबा, हा टाळीचाच हात आहे हे फक्त तुम्ही सांगताय."

तेवढ्यात बाहेर टोपली उतरवून एक कोळीण आत आली. अलिबागेचीच असावी, बाजार उरकून आलेली. फोटोंवरून नजर फिरवत आली, चांगुणेपुढं थांबली, आणि खो खो हसली. "अगो बाय! कुनाची खेचलंस गो? कवाशी हात पुढं करून बसलंय!" आणि पुढं होऊन त्या काचेवर फाडकन टाळी दिली. "घे!"

सगळा वर्ग दचकला. मग कोण आधी हसलं ठाऊक नाही, पण पदरवाल्या बाई हसल्या एवढं मी बघितलं. व्याही गेले आणि टाळी देऊन आले. मग त्या बाईंचा नवरा, जरा लाजत. मग रांगच लागली. काचेवर खारे, घामट, हळदीचे हात उमटले. खादीवाल्या बाई "काच फुटेल, काच फुटेल" म्हणत होत्या, पण कुणाला अडवत नव्हत्या.

मी टाळी दिली नाही. एवढ्या माणसांत नवऱ्यानं बायकोला टाळी द्यायची म्हणजे काय!

पाचला फोटोवाला आला, फोटो उतरवायला. तसाच बारीक. मला बघून थबकला. "तांडेल! आजी कशा आहेत?"

"गेली," मी म्हटलं. "तुमची वाट बघून."

तो खाली बसला. म्हणाला, पट्टी त्यानं लिहिलेली नव्हती. पण वाचली होती आणि चालवून घेतली होती. हे कबूल केलं म्हणून मी पुढचं बोललो नाही. मग तो उठला, पट्टी नखानं खरवडून काढली आणि म्हणाला, "तांडेल, न्या घरी. तुमचंच माणूस आहे." खादीवाल्या बाईंनी यादी पुढं केली होती ती मिटली.

आता खरी पंचाईत. मी आलो होतो तिला न्यायला, आणि तसबीर माझ्या हातात. पण उद्या हे सगळे फोटो मुंबईला जाणार होते. तिथंही लोक आमच्यासारख्यांकडं त्या पट्टीच्याच डोळ्यांनी बघत असतील, त्यांना ती भेटायला हवी. आणि चांगुणेला मुंबईचं भारी वेड, होडीतून मासळी घेऊन जायची तर चार दिवस परतायची नाही. मी विचारलं, "दुसरा काढता येतो का, ह्याच्यासारखा?"

"येतो. महिन्यात पाठवतो."

"मागल्यासारखा?"

तो ओशाळला. व्याही म्हणाले, "तांडेल, सोडा. चेहरा बघितलात ना?" बघितला होता. आता जाणार नव्हता. मी कोरा कागद मागितला, दौत मागितली, आणि दुसरीच्या अक्षरात लिहिलं:

'टोपली विकून उपडी. बाई टाळी मागते. द्यावी.'

बाईंनी स्वतः डिंक लावून तो कागद खाली चिकटवला. फोटोवाल्यानं जायच्या आधी काचेवर आपली टाळी दिली, चार वर्षांची राहिलेली. बोंबलाचं गाठोडं मी त्याच्या हातात दिलं. व्याही म्हणाले, "भाऊबंद भेटले." तो माणूस पोट धरून हसला आणि चांगुणेसारखा व्याह्यांनी हात पुढं केला.

रेवस बंदर

दुसऱ्या दिवशी मी घरी जायचं सोडून उलट्या दिशेनं रेवसला गेलो, तिला पोचवायला. लाँच लागली होती, मुंबईला जाणारी. फोटो गोणपाटात गुंडाळलेले. हमाल त्यांना उभे लावत होता, मी म्हटलं आडवे लाव, लाटेनं काच जाईल. त्यानं ऐकलं. पाणी भरलेलं, वारा चांगला, सगळी खाडी चमकत होती. लाँच सुटली तसा मी हात वर केला. व्याह्यांनी विचारलं, "कुनाला?" मी म्हटलं, "लाँचच्या सारंगाला."

महिन्यानं खरंच पेटी आली. मास्तरांनी खिळा मारला. चांगुणा आता माझ्या घरात, दाराच्या समोर, येणाऱ्यापुढं हात करून. पेटीत फोटोवाल्याची चिठ्ठी होती: मुंबईत माझा कागद तसाच आहे, आणि तिची काच रोज संध्याकाळी पुसावी लागते.

आमच्या घरातली काच मी कुणाला पुसू देत नाही. सून फडकं घेऊन आली की मी तिथं जाऊन उभा राहतो. बाकीचे हात वरवरचे आहेत. मधोमध जो दाट डाग आहे, तो माझा, सकाळचा, घरात कुणी उठायच्या आधीचा.